एसजीडी: जुन्या जनुकांसाठी उत्तम, नव्यांसाठी लेबलं तपासून वापरा

यीस्टवर काम करणाऱ्याला सॅकरोमायसीस जीनोम डेटाबेस, म्हणजे एसजीडी ही यीस्टच्या जनुकांची ऑनलाइन माहितीपेढी, टाळता येत नाही आणि टाळायचं कारणही नाही. सेवा मोफत आहे, नोंदणीची कटकट नाही, आणि प्रत्येक जनुकाचा सारांश जाणकारांनी शोधनिबंध वाचून लिहिलेला असतो. इथे मात्र प्रश्न एकच: जीनोममध्ये, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएत, नव्याने जन्मलेलं जनुक शोधायला तो कितपत उपयोगी?

द्विगुणनातून, म्हणजे जुन्या जनुकाची प्रत बनून, आलेल्या जोड्यांसाठी, उदाहरणार्थ गॅल१ आणि गॅल३, काहीच अडचण नाही. फक्त शेजारच्या जातींमधला जनुकांचा क्रम बघायचा तर यीस्ट जीन ऑर्डर ब्राउझर जास्त सोयीचा.

खरी कसोटी लागते ती कोडिंग नसलेल्या, म्हणजे प्रथिनाची कृती नसलेल्या, डीएनएतून उगवलेल्या जनुकांवर. बीएससी४ घ्या. शोधचौकटीत त्याचं पद्धतशीर नाव वायएनएल२६९डब्ल्यू टाका. या नावातच पत्ता आहे: वाय म्हणजे यीस्ट, एन म्हणजे १४ वं गुणसूत्र, एल म्हणजे डावी भुजा, आकडा सेंट्रोमिअरपासूनचा क्रम, डब्ल्यू म्हणजे वॉटसन धागा (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक). प्रथिन १३२ अमिनो आम्लांचं. ब्लास्ट या सारखे क्रम शोधणाऱ्या साधनात दुसऱ्या जातीत जुळणारं प्रथिन मिळत नाही. पण इथेच थांबून ‘नवं जनुक’ म्हणणं ही नेहमीची चूक. झपाट्याने बदललेलं जुनं जनुकही असंच अनाथ दिसतं. दोन्ही बाजूंचे शेजारी, एलवायपी१ आणि एएलपी१, पॅराडॉक्सस या जवळच्या यीस्ट जातीत शोधा, त्यांच्यामधला डीएनए काढून जुळवा आणि तिथे वाचनचौकट (प्रथिन म्हणून वाचता येणारा सलग पट्टा) स्टॉप कोडॉननी, म्हणजे वाचन थांबवणाऱ्या तीन अक्षरी खुणांनी, मोडलेली आहे का ते पाहा. २००८ मध्ये बीएससी४ चा दावा टिकला तो याच पुराव्यावर. हे काम एसजीडी तुमच्यासाठी करून देत नाही. क्रम उतरवून घ्यायची सोय तेवढी देतो.

सगळ्यात जपायचं ते ‘डुबियस’ या शिक्क्याला. एसजीडीत ओआरएफ, म्हणजे वाचनचौकटी, तीन गटांत येतात: व्हेरिफाइड (सिद्ध), अनकॅरेक्टराइज्ड (शक्य, पण सिद्ध नाही) आणि डुबियस (संशयास्पद). १९९६ साली जीनोम पूर्ण झाला तेव्हा साधारण १०० कोडॉनांची किमान मर्यादा होती, त्यामुळे कितीतरी छोट्या चौकटी यादीतच आल्या नाहीत. यादीत आलेल्यांपैकी बऱ्याच डुबियस ठरल्या त्या मुख्यतः इतर जातींत टिकून नाहीत म्हणून. नव्या जनुकाचं तर हेच लक्षण! म्हणून डाउनलोड करताना ‘ओआरएफ कोडिंग’ नव्हे, ‘ओआरएफ कोडिंग ऑल’ ही फाइल घ्या. पहिल्या फाइलमध्ये डुबियस नसतातच, आणि कितीतरी विश्लेषणांत नवी जनुकं याच पायरीवर गळतात.

अभिव्यक्तीचा, म्हणजे जनुक किती चालू आहे ते दाखवणारा, टॅब दिसायला देखणा, पण सांभाळून वाचावा. त्यातली पुष्कळशी माहिती जनुक ओळखणारे डीएनएचे तुकडे (प्रोब) लावलेल्या चिपची, म्हणजे मायक्रोअ‍ॅरेची, तीही लॉग२ गुणोत्तरांत. म्हणजे कुठल्या स्थितीत वाढलं किंवा घटलं ते कळतं, मुळात किती होतं ते कळत नाही. ज्या चौकटीसाठी चिपवर प्रोबच नव्हता तिची पाटी कोरी राहते. त्याचा अर्थ ‘अभिव्यक्ती नाही’ असा काढू नये.

स्वतःचा आरएनए-सेक (पेशीतले आरएनए वाचून मोजण्याचा) डेटा लावणार असाल तर लायब्ररी, म्हणजे वाचनासाठी तयार केलेला नमुना, धागा ओळखणारी हवी. तिसऱ्या गुणसूत्रावर एमडीएफ१ आणि एडीएफ१ एकाच जागी विरुद्ध धाग्यांवर आहेत. धागा कळला नाही तर दोघांचं मोजमाप एकमेकांत मिसळतं. जनुक काढून टाकायचा प्रयोगही तिथे फसवतो, कारण एकासोबत दुसरंही जातं आणि दिसणारा परिणाम कोणाचा ते ठरत नाही. तिथे पूर्ण तुकडा उडवण्यापेक्षा एटीजी हा सुरुवातीचा कोडॉन बदलून एकच चौकट बंद करावी. नुसता आरएनए दिसणं पुरेसं नाही. रायबोसोम प्रोफायलिंगमध्ये, म्हणजे प्रथिन बनवणारे रायबोसोम आरएनएवर कुठे बसलेत ते पाहण्याच्या पद्धतीत, सुमारे २८ अक्षरांचे ठसे तीन-तीनच्या तालात पडतात का, ते बघा. सायक्लोहेक्झिमाइड हे रायबोसोम थांबवणारं औषध वापरून काढलेल्या डेटात सुरुवातीच्या कोडॉनजवळ खोटा ढीग दिसू शकतो, तेवढा भाग मोजणीतून वगळा.

संदर्भ जीनोम एस२८८सी या प्रयोगशाळेतल्या वाणाचा आहे. त्यात एफएलओ८ मध्ये स्टॉप कोडॉन शिरलेला आहे, म्हणून हा वाण गुठळ्या धरत नाही. तेव्हा एखादी चौकट इथे मोडकी दिसली तर एसजीडीतच इतर वाणांची जुळवणी उघडून बघावी.

शेवटचं, क्षुल्लक पण दिवस खाणारं: गुणसूत्रांची नावं. इथे रोमन आकड्याआधी ‘सीएचआर’ लागतं, एन्सेम्बल या दुसऱ्या जीनोम डेटाबेसमध्ये नुसता रोमन आकडा. जीनोम एकीकडचा आणि जनुकांची फाइल दुसरीकडची घेतली की मोजणी सगळीकडे शून्य येते.

जुन्या जनुकांसाठी पाचपैकी पाच, नव्यांसाठी साडेतीन.