घूं घूं आवाज अखेर सापडला! (सिंहगड रोडवरचं छोटं गॅरेज)

आमची 11 वर्षं जुनी हॅचबॅक, 50 च्या वर गेली की घूंऽऽ असा आवाज, विमान उडतंय जणू. बायको म्हणायची काच नीट लाव, काच बंदच होती. आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी टायरचा आवाज आहे म्हणून चारही टायर बदलायला लावले, बिल भरलं, आवाज जसाच्या तसा.

मग मित्राने या गॅरेजचा पत्ता दिला. पत्र्याची शेड, बसायला एक स्टूल. पण मिस्त्रींनी आधी गाडी उघडली नाही, माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले चला बायपासला. 70 ला न्यूट्रल करायला लावली, तरी आवाज चालूच, म्हणजे इंजिन नाही. डांबरी रस्ता आणि काँक्रीट दोन्हीवर सारखाच, म्हणजे टायरही नाही. मग मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकंसं डावीकडे घेतलं की आवाज वाढायचा आणि उजवीकडे घेतलं की कमी. म्हणाले डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, उजवं बेअरिंग गेलंय बघा. जॅकवर घेऊन पुढचं उजवं चाक हाताने फिरवलं तर स्प्रिंगवर ठेवलेल्या बोटांना खरखर चक्क जाणवत होती!

बेअरिंग प्रेसवर बसवायला दीड तास लागला, जुनं माझ्या हातात दिलं. आता गाडीत गाणी ऐकू येतात राव. फक्त यूपीआय नाही, कॅश घेऊन जा, आणि शनिवारी गर्दी असते. चहा मात्र भारी.