लंगडणाऱ्या कुत्र्यासाठी घेतलेला बूट

काळूच्या पुढच्या पंजाच्या गादीत काच गेली होती. डॉक्टरांनी ती काढून टाके घातले आणि बाहेर नेताना ड्रेसिंग अजिबात ओलं होऊ देऊ नका म्हणून बजावलं. त्यासाठी हा रबरी सोलचा, दोन वेल्क्रो पट्ट्यांचा बूट घेतला. या एका कामापुरता तो अगदी पैसे वसूल आहे. चिखलातून फिरून आलो तरी आतली पट्टी कोरडी, आणि गुळगुळीत फरशीवरही पाय घसरला नाही.

आतली शिवण मात्र नेमकी पाचव्या नखीपाशी (पंजाच्या आतल्या बाजूचं, जरा वर असलेलं नख) येते आणि तिथे घासते. मी तिथे कापसाची घडी ठेवते. मापाचा तक्ता कुत्र्याच्या वजनावर दिलाय, त्याच्या भरवशावर राहू नका. कागदावर पंजा टेकवा, दुसरा पाय थोडा उचला म्हणजे सगळा भार पडून पंजा पसरतो; ते माप खरं.

खोक्यावर ‘दिवसभर वापरा’ असं छापलंय, ते मला मुळीच पटलं नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांतूनच. बंद बुटात कातडी भिजून मऊ पडते आणि बोटांच्या बेचक्यात संसर्ग होतो. घरी आलं की लगेच काढा आणि पट्टीतून दिसणारी मधली दोन बोटं बघा. त्यांची नखं एकमेकांपासून फाकली असतील किंवा बोटं गार लागली, तर पट्टी आवळली गेलीय. थेट दवाखाना गाठा.

‘लंगडणाऱ्या प्राण्यांसाठी’ ही जाहिरात तर घातकच. आधी का लंगडतोय ते तरी कळायला हवं! चालताना बघा: पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं. मग बेचकी उघडून बघा. गवताचं कुसळ एकदा आत शिरलं की त्याच्या उलट्या काट्यांमुळे पुढेच सरकत राहतं. बाहेर दिसतं ते बारीकसं भोक, त्यातून पाझरणारी थोडी लस आणि सारखं चाटणं. पाचवी नखी जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही आणि वळून मांसात रुतते. यावर बूट चढवला तर दुखणं नुसतं झाकलं जातं.

खोक्यावर मांजराचंही चित्र आहे. आमच्या म्हाताऱ्या मनीला बूट घातला तर ती जागची हललीच नाही. वय झालेली मांजरं नखं कमी घासतात, जुनी सालं गळत नाहीत, नख जाड होऊन गादीत घुसतं. तिचं तेच झालं होतं, आणि डॉक्टरांनी नख कापून जखम साफ केल्यावर ती नीट चालू लागली. घरातली पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही देऊ नका, जीव जातो.

बूट चारच्या संचातच मिळतो. जखमेला एकच लागतो, पण एक धुऊन वाळत घातला की दुसरा हाताशी राहतो. माप ज्या पायाला हवाय त्याचंच द्या. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात.