घर सोडण्याचे कारण ‘वैयक्तिक’ असे लिहून घेतले आणि अनामत अडकवली

भाड्याच्या घरात न्हाणीघरातील नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येत. घरमालकांचे उत्तर ठरलेले असे : ‘एमसीबी पडत नाही ना, मग वायरिंग ठीकच आहे.’ ऐकायला पटणारे, पण साफ चुकीचे! एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला आपोआप पडणारा खटका, जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो. जीव घेऊ शकणारी विजेची थोडीशी गळती त्याला कळतही नाही. त्यासाठी साधारणपणे ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी लागतो, आणि तो त्या घरात नव्हताच. वायरमनने गिझरचा बोर्ड उघडला तेव्हा अर्थिंगची हिरवी तार कापून तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली.

लॉक-इनच्या, म्हणजे घर सोडायचे नाही असे ठरलेल्या, काळात घर सोडल्यास अनामत जप्त, असे कलम करारात होते. मात्र वायरिंगची दुरुस्ती मालकाने करायची, हेही त्याच करारात होते. लेखी मागणी करूनही काही हालचाल होईना, तेव्हा आम्ही घर सोडत असल्याचे कळवले. त्यावर घरमालक एकदम नरमले. तक्रार कागदावर राहिली तर पुढचा भाडेकरू मिळणार नाही, म्हणून नोटिशीत ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहा, किल्ल्या देतानाच अनामत हातात ठेवतो, अशी गळ त्यांनी घातली. आम्हाला तिथून निघण्याची घाई आहे, हे त्यांनी नेमके हेरले होते. आम्ही तसेच लिहून दिले.

किल्ल्या घेताना ‘चेकबुक सापडत नाही’ असे सांगण्यात आले आणि नंतर हिशेबाचा कागद आला. वैयक्तिक कारणाने लॉक-इन मोडला म्हणून अनामत जप्त, किल्ल्यांची पावती नाही म्हणून पुढच्या महिन्याचेही भाडे येणे, आणि कहर म्हणजे गिझरच्या बोर्डाची ‘भाडेकरूने केलेली नासधूस’.

अशा वेळी धोका नेमका कोणता, तो कधी कळवला आणि कोणत्या कलमाचा भंग झाला, हे नोटिशीत लिहावे आणि मालकाने कितीही आर्जवे केली तरी ते बदलू नये. किल्ल्या द्यायच्या त्या ताबा मिळाल्याची सही घेऊनच. सही टाळली जात असेल तर मीटरचे आकडे आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो तिथूनच ईमेलने पाठवावेत.

वायरमनचा सहीचा अहवाल आणि आमच्या जुन्या ईमेल हाताशी असल्याने वकिलाच्या नोटिशीनंतर नासधुशीची रक्कम व जादा भाडे मुकाट्याने मागे घेतले गेले. अनामत मात्र तडजोडीत निम्मीच मिळाली. बाकीच्यासाठी भांडायचे तर आमच्याच सहीची ती ओळ आधी समोर ठेवली जाईल, असे वकिलांनी स्पष्ट सांगितले.