अपडेटनंतर वायफाय गेलं: ड्रायव्हर मागे घ्यायचा की अख्खा अपडेट काढायचा?

अपडेट होऊन लॅपटॉप चालू झाला आणि कोपऱ्यात वायफायच्या जागी नुसता पृथ्वीचा गोळा दिसतोय, अशा वेळी आधी अँड्रॉइड फोन वायरने लावा आणि यूएसबी टिथरिंग (फोनचं नेट वायरने लॅपटॉपला देणं) चालू करा, नेट येतं, आणि फोन घरच्या वायफायवर असेल तर डेटापण उडत नाही. एकदा नेट आलं की जीव शांत होतो आणि मग पुढचं नीट ठरवता येतं. मी विंडोज ११ धरून सांगतोय.

दोन गोष्टी बघा. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफाय कार्डाचं नाव दिसतंय का, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडला जातोय का. सगळा निर्णय या दोनवर आहे.

कार्ड दिसतंय पण पिवळा त्रिकोण आलाय, किंवा कुठलंच नेटवर्क धड टिकत नाही, तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मागे घेऊन आधीचा आणणं बेस्ट. कार्डावर डबल क्लिक, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक ड्रायव्हर, झालं, दोनचार मिनिटांचं काम आणि बाकी कशाला धक्का लागत नाही. ते बटण पुसट असेल तर जुना ड्रायव्हर मशीनवर उरलेला नाही, मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा उतरवून टाकायचा. एक त्रास आहे, विंडोज तोच ड्रायव्हर परत घालू शकतं, म्हणून अपडेट थोडे दिवस पॉज करून ठेवा. माझ्या भाचीला दुकानात थेट फॉरमॅट सांगितला होता, तिचा अख्खा प्रोजेक्ट त्यात होता, आणि ड्रायव्हर मागे घेतल्यावर वायफाय आलं. तेव्हापासून कुणी फॉरमॅट म्हटलं की मी आधी थांबवतो.

हॉटस्पॉट नीट चालतोय पण कॉलेजचं किंवा ऑफिसचं वायफाय मात्र घेत नाही, असं असेल तर संशय अपडेटवर घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटने हेच झालं होतं, युनिव्हर्सिटी आणि ऑफिसच्या नेटवर्कवर लॅपटॉप अडकले आणि घरी तेच लॅपटॉप बहुतेक चालत होते, मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात तो बदल मागे घेतला. अशा वेळी विंडोज अपडेटच्या हिस्टरीतून शेवटचा अपडेट काढता येतो, पण त्याच्यासोबत त्या महिन्याचे सिक्युरिटी फिक्सपण जातात, हा तोटा छोटा नाही, त्यामुळे हा उपाय तात्पुरताच धरा आणि दुरुस्ती आली की लगेच घ्या. मोठा व्हर्जन अपडेट असेल तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जुन्या व्हर्जनवर परतायचं गो बॅक बटण आहे, त्याला मुदत १० दिवसांची. फाइली राहतात, पण नंतर टाकलेले प्रोग्राम जातात, आणि डिस्क साफ करताना जुनं विंडोज उडवलं असेल तर ती वाट बंद.

नेटवर्कची सगळी सेटिंग्ज मुळावर आणणारा नेटवर्क रीसेट लोक पहिल्यांदा दाबतात, मी तो शेवटी ठेवतो. सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन पुन्हा टाकायला लागू शकतं, सोमवारी सकाळी हे नको.

कार्डच दिसत नसेल तर वरचं काही करत बसू नका. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढायचा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरायचं, मग चालू करायचा. पुष्कळदा अडकलेलं कार्ड एवढ्यानेच परत येतं. नाहीच आलं तर बाहेरून लावायचा वायफायचा यूएसबी डोंगल घ्या, मात्र २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही चालणारा, कारण सगळ्यात स्वस्त डोंगल नुसते २.४ चे असतात आणि बिल्डिंगमध्ये त्या बँडवर केवढी गर्दी असते. आतलं कार्ड बदलायचं असेल तर ते सोल्डर केलेलं नाही ना हे आधी बघा, आणि एएमडीच्या लॅपटॉपला इंटेल एएक्स२१० चालतं, एएक्स२०१ चालत नाही, नावं सारखी असली तरी.