पाच किलोवॅटची पाटी आणि उल्हास नदीचा वेग

कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या पट्ट्यात नदीकाठी जागा घेतलेल्या मुंबईकरांसाठी हे लिहितोय. वाहत्या पाण्यावर वीज करून देतो म्हणत काही मंडळी फिरतायत. माझ्या दाजींचे त्यात दोन लाख ऐंशी हजार गेले.

दादरला तासावर भाड्याने मिळणारा हॉल, चहा-वडे, आणि पडद्यावर न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये २०२० साली सोडलेल्या टर्बाइनचा व्हिडिओ. गोम अशी की सांगितलेलं बरंचसं खरं होतं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन, त्यामुळे लहान पात्यालाही जोर मिळतो. धरण लागत नाही. सूर्य मावळला तरी चालतं. फक्त ईस्ट रिव्हर ही नदी नसून भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहाची सामुद्रधुनी आहे, एवढं गाळलं होतं.

दाजींनी शंका काढली तेव्हा यंत्र विकणारा पोरगा म्हणाला, "काका, भिवपुरीला टाटा शंभर वर्षं वीज काढतायत. तेच पाणी तुमच्या बांधावरून जातं!" हॉलमध्ये टाळ्या. अहो, भिवपुरीला पाणी घाटमाथ्यावरून नळांतून शेकडो मीटर खाली कोसळतं. तिथे जोर काढून घेतल्यावर ते उल्हास नदीला मिळतं. म्हणजे आम्हाला विकलं ते रसवंतीवाल्याने पिळून टाकलेलं चिपाड.

यंत्र आलं. पाटीवर ५ किलोवॅट. ही पाटीही खोटी नाही! खाली बारीक अक्षरांत होतं: '३ मी./से. वेगाला'. सगळी चलाखी इथे आहे. प्रवाहातली ताकद वेगाच्या घनाने बदलते. वेग निम्मा झाला की वीज थेट एक अष्टमांश. आम्ही काठावर दहा मीटर मोजून सुका नारळ पाण्यात सोडला. त्याला साडेबारा सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ८० सेंटिमीटर, आणि तेही वरच्या थराचं. खाली पाणी आणखी संथ असतं. त्या वेगाला ५ किलोवॅटचे उरतात जेमतेम ९५ वॅट. एक जुना पंखा आणि दोन एलईडी दिवे, बस्स. पंप कसला चालतोय!

मग चाचणीच्या दिवशी सगळं घर कसं उजळलं? एक तर त्यांनी चाचणी मुद्दाम सप्टेंबरात घेतली, नदी अजून जोरात असताना. दुसरं, कंट्रोलरच्या पेटीत आधीच भरून आणलेल्या बॅटऱ्या होत्या आणि बाहेरचा डिस्प्ले नुसते व्होल्ट दाखवायचा, किती वॅट येतायत ते नाही. त्याच उजेडात दाजींकडून 'काम समाधानकारक' अशा कागदावर सही घेतली. डिसेंबरात दिवे मिणमिणायला लागले तेव्हा नेरळच्या इलेक्ट्रिशियनने टर्बाइनकडून येणाऱ्या वायरीला क्लँप मीटर (वायरीतून किती करंट वाहतोय ते मोजणारा चिमटा) लावला आणि हसायलाच लागला. कंपनीला फोन केला तर आधी "पात्यात कचरा अडकला असेल", मग "मेंटेनन्सचा करार करा", मग फोनच बंद. बिलावरचा दादरचा पत्ता त्याच हॉलचा निघाला.

'पीएम सूर्यघर'चे ७८,००० परत मिळतील असंही सांगितलं होतं. ती योजना छतावरच्या सौरऊर्जेची आहे, नदीतल्या यंत्राला त्यातून छदाम मिळत नाही. नदीचं पात्र सरकारी, तिथे यंत्र बसवायला परवानगी लागते, हा विषय तर त्या पोराने काढलाच नाही. पुराचाही नाही. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पाण्याने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून ठेवली होती; तिथे दोन साखळ्यांनी बांधलेलं यंत्र काय टिकणार होतं?

कुणी विकायला आलाच, तर तुमच्या नदीचा मार्च-एप्रिलमधला वेग आणि खोली मोजून, त्या वेगाला किती वॅट मिळतील हे बिलावर लिहून मागा. पैसे गेलेच असतील तर ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दाजी मुलुंडचे, त्यामुळे रायगडला खेटे घालावे लागले नाहीत. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. 'समाधानकारक'वर सही केलीय म्हणून गप्प बसू नका. पाटीचा फोटो, मीटरच्या आकड्यांचा व्हिडिओ आणि बँकेचा उतारा जोडा. मुरबाडचे एक गृहस्थ आमच्यासोबत आलेत, त्यांचीही पाटी तीच, ३ मी./से. वाली.