ओटीजी वर्षभर वापरल्यावर: ‘तापत नाही’ म्हणजे नेमकं काय बिघडतं

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगतेय ते याच वर्गातल्या जवळपास सगळ्या ओटीजींना (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे ओट्यावरचा विजेचा छोटा ओव्हन) लागू पडतं. माझा २८ लिटरचा आहे, १५०० वॅटचा. वर एक रॉड, खाली एक, मागे पंखा, समोर तीन नॉब: तापमान, कोणता रॉड चालू ठेवायचा ते, आणि टायमर. गेल्या उन्हाळ्यात घेतला. आठवड्यातून दोनतीनदा लागतोच. रविवारी मिसळीला पाव घरचेच असतात, मुलांसाठी मनुका घातलेला कणकेचा केक आणि दिवाळीत नानकटाई. वर्षभरात ‘हा तापतच नाही’ असं वाटायला लावणारे प्रसंग बरेच आले आणि दर वेळी कारण वेगळं निघालं. बहुतेक वेळा ते ओव्हनच्या बाहेरच होतं.

सुरुवात नॉबवरच्या आकड्यांपासून. ते अंदाजपंचे असतात. यातला थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची पट्टी, तापली की वाकून वीज तोडणारी. ती बसवलेली असते बाजूच्या पत्र्याजवळ आणि आपला केक असतो मधोमध. आत ठेवायचा छोटा तबकडीचा थर्मामीटर मागवला तेव्हा कळलं, नॉब २०० वर असताना मध्यभागी १७० च्या आसपासच असतं. त्यात थर्मोस्टॅट वीज तोडतो-जोडतो तसा काटा पंधरावीस अंश वरखाली होत राहतो, आणि ते बिघाडाचं लक्षण नाही. आता मला पाककृतीतल्या १८० साठी नॉब कुठे लावायचा ते पाठ आहे. थर्मामीटर घ्यायचा नसेल तर साखर वापरा. साधी साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर ठेवा, नॉब १७५ वर लावून पंधरा मिनिटं बघा, मग १९० वर. पहिल्या वेळीच पाणी झालं तर ओव्हन जास्त तापतोय, दुसऱ्या वेळीही दाणे तसेच राहिले तर कमी.

समोरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. माझ्या मॉडेलमध्ये तो फक्त टायमर चालू असल्याचं सांगतो, रॉड तापतोय की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. टायमर शून्यावर असेल तर बाकी नॉब कितीही फिरवा, रॉडना वीज जात नाही. सासूबाईंनी ‘बंद पडला गं’ म्हणून हाक मारली, त्यातल्या निम्म्या वेळा हेच होतं.

मग विजेचा भाग. नाशिकच्या इंदिरानगरमधला आमचा फ्लॅट जुना, स्वयंपाकघरात १६ अँपिअरचा पॉइंट एकच आणि तो मायक्रोवेव्हकडे. ओव्हन पहिले काही आठवडे एक्स्टेन्शन बोर्डावर चालला. दीर अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. त्यांनी ओव्हन चालू असताना बोर्डात खोचलेल्या प्लगला हात लावला आणि झटकन मागे घेतला. “वहिनी, तुमचा ओव्हन इथेच तापतोय!” सैल पकडीत पिन गरम होते, तेवढी वीज तिथेच जाते, आणि पुढे कधीतरी बोर्डच वितळतो. त्यानंतर वायरमनकडून ओट्यावर वेगळा १६ चा पॉइंट ओढून घेतला. ओव्हन घेण्याआधी हा खर्च हिशेबात धरा, दुकानात कोणी सांगत नाही.

तरी संध्याकाळचा केक सकाळच्यापेक्षा उशिरा होई. भाऊजींनी मल्टिमीटर लावला, सातच्या सुमाराला १९५ व्होल्ट. वाटतं, २३० च्या जागी १९५ म्हणजे असं काय मोठं? पण रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे १५०० वॅटचा ओव्हन जेमतेम १०८० वॅटचा उरतो. तापतो, पण प्रीहीटला (आधी रिकामा तापवायला) दहाच्या जागी वीस मिनिटं लागतात, आणि दार उघडून बघितलं की गेलेली उष्णता लवकर भरून निघत नाही. स्टॅबिलायझर घ्यावा का विचारलं तर ते हसले. दोन केव्हीएचा, म्हणजे चांगलाच मोठा लागेल म्हणाले, त्यापेक्षा केक दुपारी करा. मी दुपारीच करते.

खरा बिघाड झाला तो दिवाळीच्या तोंडावर. नानकटाई वरून बदामी, खालून कच्ची. ताट बदललं, खालच्या खणात ठेवलं, तरी तेच. वरखाली दोन्ही रॉडवर नॉब ठेवून, दिवे मालवून काचेतून पाहिलं: वरचा रॉड लालसर, खालचा काळा ठिक्कर. भाऊजी फोनवर म्हणाले, मीटर बघा. ही युक्ती मला फार आवडली, म्हणून नीट सांगते. विजेच्या मीटरवर ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे एक युनिट जळेपर्यंत त्यावरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. ओव्हन थंड असताना तापमानाचा नॉब टोकाला न्यायचा, म्हणजे थर्मोस्टॅट मध्येच वीज तोडणार नाही, आणि एक मिनिट लुकलुक मोजायची. १५०० वॅट असतील तर मिनिटाला ८० यायला हवेत. आमचे मीटर पार्किंगमध्ये जिन्याखाली. मुलगा खाली उभा राहून फोनवर मोठ्याने मोजतोय, मी वर ओव्हनपाशी, आणि शेजारचे काका त्याला विचारतायत की बिल जास्त आलं का. मोजणी चाळिशीच्या आतच थांबली. म्हणजे एकच रॉड चालू. तुमच्या मीटरवर १६०० लिहिलेलं असेल तर हे आकडे निम्मे धरा.

वॉरंटी होती म्हणून पाठीमागचा पत्रा आम्ही खोलला नाही. कंपनीचा माणूस आला, दोन मिनिटांत म्हणाला की दोन्ही रॉड बदलावे लागतील, आणि खर्च सांगायला लागला. भाऊजी तोवर पोहोचले होते. शांतपणे म्हणाले, “दादा, आधी रॉड मोजून बघू की.” खालच्या रॉडच्या दोन टोकांत विजेला होणारा रोध ६९ ओहम आला. ७५० वॅटच्या रॉडला २३० व्होल्टवर ७० च्या आसपासच यायला हवेत, म्हणजे रॉड ठणठणीत. मग वायर बघितली. रॉडच्या टोकावर दाबून बसवलेली क्लिप सैल झाली होती, सैल झाल्याने तापली आणि काळी पडली होती. वायरीवरचं आवरण बोटाने दाबलं तसं बिस्किटासारखं चुरलं. नवी क्लिप, उष्णता सोसणाऱ्या जाळीच्या आवरणाची बोटभर वायर, झालं काम. ते वॉरंटीत बसलं. त्या माणसावर माझा राग नाही, त्याला रॉड विकायलाच पाठवत असतील, पण मोजल्याशिवाय पार्ट बदलू देऊ नका.

(पत्रा स्वतः खोलायची हौस असेल तर प्लग काढूनच. नॉब बंद असला तरी आत वीज असू शकते.)

थंडीत एक वेगळीच तक्रार. निफाडचा पारा पेपरात छापून यायला लागला की इकडे आमचे पाव दगड. ओव्हनला बोल लावण्याआधी पीठ बघा, थंडीत ते फुगतच नाही. आता मळलेलं पीठ ओव्हनमध्येच ठेवते, रॉड बंद, आतला दिवा तेवढा चालू, दार लावलेलं. दिव्याच्या उबेने तासाभरात छान वर येतं.

पावसाळ्यात समोरच्या वहिनींच्या ओव्हनने घराची ट्रिपच (वीज पाझरली की पुरवठा तोडणारा स्विच) पाडायला सुरुवात केली. रॉडच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, ती दमट हवेत ओल धरते आणि वीज अर्थिंगकडे पाझरते. बरेच दिवस न वापरलेल्या ओव्हनला हे होऊ शकतं. कोणीतरी त्यांना अर्थची पिन काढून टाका असं सुचवलं होतं. ते कदापि करू नका. एकेक रॉड लावून कोणत्या रॉडवर ट्रिप पडते ते बघायचं, मग तंत्रज्ञ बोलवायचा.

किरकोळ गोष्टी भराभर. खालच्या चुऱ्याच्या ट्रेवर फॉइल अंथरतात, त्याने रॉडच्या खालून हवा फिरायची जागा बुजत असेल तर काढा. चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा काळपट डब्यात तळ लवकर भाजतो. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून ओढा. सहज निसटली तर बिजागरीची स्प्रिंग ढिली आहे.

यंत्र म्हणून मला ओव्हन पसंत आहे. पंखा चालू ठेवला की नानकटाईचे दोन्ही ताट सारखे भाजतात, काच पुसायला सोपी, टायमरची घंटा मात्र शेजारपर्यंत जाते. वायर आखूड आहे, वीतभर जास्त द्यायला काय हरकत होती. चार माणसांच्या घराला २८ लिटर पुरतो. ऑर्डरचे केक करणार असाल तर मोठा घ्या आणि वायरमनला आधी बोलवा.