घोडबंदर रोडला घेतलेली रिअर-फेसिंग (मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला) कार सीट, घ्याच
लेक दीड वर्षाची आहे, कार सीट घ्यायला गेलो तर दुकानातला माणूस म्हणाला आता पुढे तोंड करून बसवा, चालतं. आम्ही नाहीच ऐकलं. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान नाजूक, समोरून धडक बसली की पुढे तोंड असेल तर अंग पट्ट्यात अडकतं आणि डोकं जोरात पुढे फेकलं जातं, मागे तोंड असेल तर तोच जोर पाठ, मान, डोकं सगळ्यावर सीटच्या पाठीत वाटला जातो. युरोपच्या आर१२९ या मुलांच्या कार सीटच्या नियमात १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे, पण ते कमीत कमी, स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत तसंच बसवतात.

सीट मस्त आहे, आयसोफिक्स (कार सीट गाडीतल्या कड्यांना थेट अडकवायची सोय) खट्कन बसतं आणि हिरवी खूण दिसते. पट्टा खांद्याच्या लेव्हलला किंवा जरा खाली हवा, आणि खांद्याजवळ चिमटीत धरता आला तर तो सैल आहे, अजून ओढायचा. सासूबाईंना वाटायचं पाय दुमडतात, बिचारीला त्रास होईल, पण ती मांडी घालून खुशाल झोपते, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये पण. कापड उन्हात तापतं तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

आणि प्लीज, एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ही कधीच लावू नका, बाळाच्या जिवावर बेतू शकतं.